पुण्याच्या उन्हाळ्यात हायड्रोपोनिक्सची टाकी थंड ठेवायची, पण चिलर न घेता

मार्च उजाडला की गच्चीवर हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर झाडं) करणाऱ्यांचे प्रश्न एकदम बदलतात. जानेवारीत सगळे विचारतात ईसी (पाण्यात विरघळलेल्या खताचं माप) किती ठेवू, लेट्युस किती दिवसात निघेल. आणि मार्चनंतर एकच, टाकीत पाणी फुल्ल आहे, पंप चालू आहे, तरी दुपारी झाडं माना का टाकतायत? बहुतेक वेळा उत्तर टाकीतच असतं. पाणी तापलेलं असतं. मग नेटवर शोधलं की चिलर (पाणी गार करणारं मशीन) घ्या म्हणतात, त्याची किंमत पाच आकडी, वर विजेचं बिल वेगळं, चार चॅनलच्या (झाडं लावलेले, पाणी वाहणारे पाइप) सेटअपला ते परवडत नाही आणि खरं सांगायचं तर पुण्यात त्याची गरज पण नाही. आपल्याकडे दुपारची हवा कोरडी असते आणि रात्र बऱ्यापैकी गार. मुंबईवाल्यांना हे दोन्ही मिळत नाही. या दोन गोष्टी वापरल्या आणि आधी उष्णता आत शिरायचे रस्ते बंद केले तर काम होतं, बर्फ वगैरे सगळ्यात शेवटी.

थोडी थिअरी, कंटाळा करू नका. मुळांना पाण्यातला ऑक्सिजन लागतो आणि गरम पाण्यात तो कमी मावतो. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम, ३० डिग्रीला ७.५ च्या आसपास, हे समुद्रसपाटीचे आकडे, पुणे ५६० मीटरवर आहे म्हणून आपल्याकडे अजून थोडं कमी. त्याच वेळी मुळांची भूक वाढलेली असते, ऑक्सिजन जास्त पाहिजे असतो. म्हणजे दोन्हीकडून मार. त्यात पिथियम नावाचं मुळं सडवणारं प्रकरण अशाच कोमट, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात फोफावतं. पालेभाज्यांसाठी १८ ते २२ डिग्री उत्तम, २५ पर्यंत चालतं, २८ च्या वर रोज जायला लागलं की मुळं पिवळट-तपकिरी व्हायला सुरुवात.

सामान काय लागेल ते आधी लिहून घ्या, सगळं एकदम घ्यायची गरज नाही, पायरीप्रमाणे घ्या:

- वायरचा प्रोब असलेला फिश टँकचा डिजिटल थर्मामीटर, दोनशेच्या आत मिळतो, शक्यतो दोन घ्या
- थर्माकोलच्या शीट किंवा पत्र्याच्या शेडखाली लावतात तो चंदेरी बबल फॉइलचा रोल
- पांढरा रंग, किंवा गच्चीला मारतात तो ऊन परावर्तित करणारा पेंट उरलेला असेल तर तोच
- शेडनेट ५० टक्केवाली
- १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा मोठा पंखा आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर
- गोणपाट किंवा जुनी सुती चादर
- पंपासाठी टायमर
- एक-दोन लिटरच्या रिकाम्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या

पंखा, अडॅप्टर, टायमर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळून जातं. गोणपाट, दोऱ्या, प्लॅस्टिकचे टब वगैरेसाठी रविवार पेठ, बोहरी आळी. गाडी घेऊन जाऊ नका एवढंच.

१. आधी मोजा, मग खर्च करा

हे कोणी करत नाही. हात घालून "कोमट वाटतंय" म्हणतात आणि डायरेक्ट बर्फ आणायला पळतात. थर्मामीटरचा प्रोब टाकीत अर्ध्या उंचीवर लोंबता ठेवा, तळाला किंवा पंपाला चिकटून नको. दुसरा प्रोब चॅनलमधून पाणी परत येतं त्या रिटर्न पाइपच्या तोंडाशी. सकाळी ६ ला, दुपारी १ ला, साधारण ४ ला आणि रात्री झोपताना असे आकडे तीन-चार दिवस लिहा.

आता बघा, रिटर्नचं पाणी टाकीपेक्षा दुपारी ३ डिग्री किंवा जास्त गरम येत असेल तर दोषी टाकी नाही, चॅनल आहेत. टाकीला कितीही गुंडाळा, उपयोग शून्य. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि दोन्ही चढतायत तर टाकी, जागा किंवा पंप. आणि सकाळी ६ लाच २६-२७ दिसत असेल तर रात्रीचा गारवा टाकीपर्यंत पोचतच नाहीये, त्याचं खाली सहाव्या पायरीत.

२. जागा

फुकटातला उपाय, पण यात पुण्यात एक गंमत आहे. लोक मार्चमध्ये गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या उत्तरेकडची सावली बघून टाकी तिथे ठेवतात आणि निवांत होतात. पुणे साडेअठरा अक्षांशावर, मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि त्यानंतर जून-जुलैत तो दुपारी उत्तरेकडे असतो. तुमची मार्चमधली सावली मेमध्ये गायब. म्हणून भिंतीच्या सावलीवर विसंबू नका, वरून छप्पर पाहिजे, मग ते शेडनेट असो, जुनं दार असो नाहीतर जिन्याखालची जागा. शेडनेट टाकीला टेकवून बांधायचं नाही, फूट-दीड फूट वर ताणा, मधून हवा जायला पाहिजे.

पश्चिमेकडून येणारं २ ते ६ चं ऊन सगळ्यात वाईट, त्या बाजूला आडोसा हवाच.

आणि टाकी स्लॅबवर थेट ठेवू नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो, ती सगळी टाकीच्या बुडातून आत. चार विटा, वर लाकडी फळी, मध्ये थर्माकोल. सोसायटीच्या गच्चीवर असाल तर वजनाचा पण विचार करा, १०० लिटर म्हणजे १०० किलो, बीमच्या जवळ ठेवा, आणि कमिटीला आधी विचारा, वॉटरप्रूफिंगवरून नंतर जी मीटिंग होते ती कुठल्याही उन्हाळ्यापेक्षा गरम असते.

बंगला किंवा स्वतःची जागा असेल तर टाकी जमिनीत पुरा, विषयच संपला. दोन-अडीच फुटांखाली दिवसाचं ऊन जवळजवळ पोचत नाही, मातीचं तापमान दिवसरात्र साधारण सारखंच राहतं. फक्त वरची माती सावलीत पाहिजे आणि पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी शिरणार नाही याची सोय करा, रिकामी टाकी वर तरंगून येते.

३. उष्णता आत येणारे रस्ते बंद करा

टाकी काळी असेल तर बाहेरून पांढरी करा. पांढरी अर्धपारदर्शक असेल तर आधी काळा रंग मग वर पांढरा, नाहीतर आत उजेड जाऊन शेवाळ. रंगाचे दोन हात, बास.

मग गुंडाळणं. थर्माकोलच्या शीट चारी बाजूंनी, झाकणावर आणि बुडाला, सांधे टेपने बंद. गोल ड्रमला थर्माकोल बसत नाही, तिथे बबल फॉइल दोन थर. फॉइलची चकचकीत बाजू बाहेर. मासळीवाल्यांकडचा मोठा थर्माकोलचा बॉक्स मिळाला तर छोट्या सेटअपला तीच टाकी होऊ शकते, आत जाड काळं प्लॅस्टिक घालून, आधी नीट धुऊन, वास जायला दोन-चार दिवस लागतात हे खरं.

आता चॅनल. पीव्हीसीच्या पाइपात पाण्याचा पातळ थर वाहतो आणि पाइपाला दिवसभर ऊन, म्हणजे आपण बसवलेला सोलर वॉटर हीटरच तो. रिटर्नचा आकडा जास्त आला असेल तर सगळं लक्ष इथे द्या. राखाडी पाइप असेल तर पांढरा रंग, वरून शेडनेट, आणि रिटर्नच्या काळ्या नळीवर फोमचं कव्हर, एसीच्या पाइपवर असतं ना ते. ही काळी नळी लोक हमखास विसरतात. उन्हात तीन-चार मीटर पडलेली असते.

अजून एक, पाणी जास्त तेवढं तापायला वेळ लागतो. २० लिटरची बादली दुपारी दोनपर्यंत हातातून गेलेली असते, १०० लिटरचा ड्रम त्याच उन्हात संध्याकाळपर्यंत टिकतो आणि मग रात्र त्याला सावरते. मोठी टाकी घेणं हा पण कूलिंगचाच उपाय आहे.

४. पंपाकडे बघा

पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी शेवटी पाण्यात उष्णता म्हणून जाते. कूलरचा ४० वॅटचा पंप २४ तास चालवला तर १०० लिटर पाणी ८ डिग्रीने तापेल एवढी उष्णता होते, प्रत्यक्षात बरीच बाहेर जाते म्हणून एवढं दिसत नाही, पण टाकी थर्माकोलने बंद केल्यावर ती जाणार कुठे? त्यामुळे चार-सहा चॅनलला १८ वॅटचा पुरत असेल तर तोच लावा. डीडब्ल्यूसीवाल्यांना (ज्यांची मुळं थेट टाकीतल्या पाण्यात बुडलेली असतात) पंप नसला तरी चालतं, एअर पंप बाहेर सावलीत ठेवा, तो उन्हातली गरम हवा ओढून पाण्यात सोडत बसायला नको. एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) मात्र उन्हाळ्यात वाढवा, पाणी २५-२६ ला अडकलं तरी ऑक्सिजन भरपूर असेल तर मुळं तग धरतात.

टायमर लावायचा तर १५ मिनिटं चालू, १० बंद असं काहीतरी. दुपारी यापेक्षा जास्त बंद ठेवू नका, एनएफटीत (चॅनलमधून पाण्याचा पातळ थर वाहतो ती पद्धत) मुळं भर उन्हात लगेच सुकतात आणि पाणी थंड ठेवायच्या नादात झाड हातचं जातं.

५. कोरडी हवा वापरा

माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते तिच्यात १०० लिटर पाणी हिशोबाने साडेपाच डिग्रीच्या आसपास उतरू शकतं. सगळी उष्णता काही टाकीतून येत नाही, काही आजूबाजूच्या हवेतून येते, पण निम्मं मिळालं तरी खूप झालं. एप्रिलमधली टिपिकल दुपार धरा, ३९ डिग्री आणि आर्द्रता २० टक्के, अशा हवेत बाष्पीभवनाने पाणी थिअरीत २२ पर्यंत उतरू शकतं. हेच पावसाळ्यात २९ डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर मर्यादा २६. म्हणून हा उपाय मार्च ते मे. रोजची आर्द्रता हवामान खात्याच्या साइटवर दिसते, पण शिवाजीनगरचा आकडा म्हणजे तुमच्या गच्चीचा आकडा नाही, लोहगावला बऱ्याचदा जास्त तापतं, पाषाणला कमी.

दोन पद्धती आहेत, आणि दोन्ही एकत्र करायच्या नाहीत. इथेच बहुतेक जण फसतात.

पहिली, ओलं गोणपाट. टाकीभोवती गोणपाट गुंडाळायचं, खालचं टोक पाण्याच्या परातीत बुडवायचं, वरून एखादी छेद पाडलेली बाटली ठिबकत ठेवायची. टाकी सावलीत आणि वाऱ्यावर पाहिजे. यात टाकीला थर्माकोल लावायचा नाही! थर्माकोल लावून वर ओलं पोतं गुंडाळलं की फक्त थर्माकोल गार होतो, आतल्या पाण्याला पत्ताच लागत नाही. बाल्कनीत टाकी असेल, ऊन थेट येत नसेल, तर ही पद्धत बेस्ट, वीज शून्य, आणि न्यूट्रिएंटच्या (खताच्या) पाण्याला हात लागत नाही म्हणून ईसी बदलत नाही.

दुसरी, पंखा. टाकी थर्माकोलने गुंडाळलेली, झाकणात एका बाजूला पंख्याएवढं भोक, दुसऱ्या बाजूला हवा बाहेर जायला भोक, दोन्हींवर मच्छरदाणीची जाळी. पंखा पाण्यावरून हवा फिरवतो. रिटर्न पाइप पाण्यात बुडवू नका, वरून शॉवरसारखा पडू द्या, थेंब जेवढे बारीक तेवढं बाष्पीभवन जास्त आणि ऑक्सिजनही मिसळतो. २-३ वॅटचा पंखा, बिलात दिसणार पण नाही. उन्हातल्या गच्चीला ही पद्धत.

पंख्याच्या पद्धतीत पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून ईसी चढतो. रोज साध्या पाण्याने टॉप-अप करायचं, न्यूट्रिएंट घालून नाही. तसंही उन्हाळ्यात झाडं पाणी जास्त आणि खत कमी ओढतात, लेट्युसला ईसी १.६ ठेवत असाल तर १.० ते १.२ वर या. महापालिकेचं पाणी बरं असतं, टँकर किंवा बोअरचं असेल तर टॉप-अपबरोबर जडपणा साठत जातो, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा आणि दहा-बारा दिवसांनी अर्धं पाणी बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना.

टॉप-अप कधी? सकाळी लवकर. दुपारी ३ ला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून टॉप-अप करणारे लोक आहेत, ते पाणी चहाला आधण म्हणून चालेल. आणि गुरुवारी बऱ्याचदा पाणी बंद असतं ते लक्षात ठेवा, बुधवारी रात्रीच दोन बादल्या भरून घरात ठेवा, गार पण राहतात. गुरुवारी बऱ्याच भागात वीज पण मेंटेनन्ससाठी जाते, एअर पंपाला एखादा बॅटरीवाला पर्याय असू द्या.

परात आणि ओलं गोणपाट यात डास होतात. आठवड्यातून एकदा परात पूर्ण रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूच्या सीझनला महापालिकेचे लोक तपासायला येतात, अळ्या सापडल्या तर नोटीस तुमच्या नावाने.

६. रात्र वाया घालवू नका

मला विचाराल तर सगळ्यात दुर्लक्षित पायरी ही. एप्रिलमध्ये सुद्धा पहाटे तापमान २०-२२ पर्यंत येतं. लोक रात्री पंप बंद करतात कारण झाडं झोपलेली असतात, आणि थर्माकोलने बंद केलेल्या टाकीत दिवसभराची उष्णता तशीच कोंडून राहते. उलटं करा. रात्री ११ ते सकाळी ६ पंप सलग चालवा. दिवसा जे चॅनल हीटर होते तेच रात्री उघड्या आकाशाखाली रेडिएटर होतात, पाणी त्यातून फिरून गार होऊन परत येतं. झाकण रात्री थोडं तिरकं करा, जाळी घालून. सकाळी साडेसहाला झाकण परत बंद, टाकीचा गारवा आत कोंडायचा. जुन्या वाड्यांमध्ये उन्हाळ्यात दुपारी खिडक्या मिटून ठेवायचे आणि रात्री उघडायचे, तसंच.

दिवसाची सुरुवात २२-२३ ला झाली आणि इन्सुलेशन बरं असेल तर ४ वाजेपर्यंत २६ च्या आत राहायला अडचण येऊ नये. नाही राहिलं तर पुढची पायरी.

७. बर्फाच्या बाटल्या, फक्त एप्रिलच्या शेवटासाठी

हिशोब सोपा आहे, एक किलो बर्फ १०० लिटर पाणी साधारण एक डिग्रीने उतरवतो. म्हणजे ३१ डिग्रीला पोचलेली १०० लिटरची टाकी २५ वर आणायला सहा किलो, आणि इन्सुलेशन नसेल तर दीड-दोन तासात परत चढणार. घरच्या फ्रीझरमध्ये रोज एवढा बर्फ होत नाही, घरचे बोलतात ते वेगळं. म्हणून वरच्या पायऱ्या झाल्यावर उरलेल्या दोन-तीन डिग्रीसाठीच.

बाटली वरून तीन बोटं रिकामी ठेवून भरा, पाणी गोठताना फुगतं. बूच घट्ट. मीठ घालायच्या नादी लागू नका, फायदा नाही आणि बाटली फुटली तर अख्खी टाकी खारट. दोन बाटल्या साडेअकरा-बाराला टाका, पाणी तापून गेल्यावर चारला नाही. बर्फाची लादी किंवा तुकडे थेट टाकीत टाकायचे नाहीत, ईसी आणि पीएच (आम्लता) दोन्ही हलतात आणि तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते देव जाणे.

८. यावर पैसे घालवू नका

पेल्टियर (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती): ऑनलाइन स्वस्त दिसतो, ६० वॅट खातो आणि त्याच्या निम्मी पण उष्णता नीट बाहेर काढत नाही, उलट त्याची गरम बाजू थंड करायला वेगळा पंखा.

जुन्या फ्रीजमध्ये पाइपची गुंडाळी: प्लॅस्टिकच्या पाइपातून उष्णता फार हळू जाते, आणि घरगुती फ्रीज सतत एवढी उष्णता ओढायला बनवलेला नसतो. तांब्याची कॉइल लावली तर उष्णता जाते पण तांबं आम्लीय न्यूट्रिएंटमध्ये विरघळून झाडांना विषारी होतं. कॉइल लावायचीच असेल तर स्टीलची.

माठ किंवा रांजण हीच टाकी करणं: ऐकायला भारी, पण न्यूट्रिएंटचे क्षार छिद्रात बसतात, बाहेर पांढरा थर येतो आणि काही आठवड्यांत पाझरणं बंद.

विजेचं काही जोडताना २३० व्होल्टचं एक्स्टेंशन टाकीच्या वर, पाणी टपकणार नाही अशा जागी, आणि लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. यात जुगाड नाही.

९. मुळं आधीच बिघडली असतील तर

झाड उचलून बघा. पांढरी, किंवा न्यूट्रिएंटच्या रंगाने थोडी पिवळसर पण टणक मुळं ठीक. तपकिरी, बुळबुळीत, बोटाने ओढलं की साल निघून आत दोरा राहतो आणि कुबट वास, तर ते सडलंय. असं झाड काढून टाका, वाचवायचा मोह नको. बाकीच्यांचं पाणी पूर्ण बदला, टाकी-चॅनल घासून ब्लीचने धुवा, साध्या पाण्याने दोनदा धुऊन मग नवं पाणी. नुसतं पाणी थंड करून जुनी सड जात नाही.

१०. मे महिन्यात काय लावायचं

सिंगापूरसारख्या ठिकाणी हवा गरम असूनही मुळं २० डिग्रीच्या आसपास ठेवून लेट्युस काढतात, त्यामुळे अशक्य काही नाही, पण ते चिलरवर चालतं. आपल्या वरच्या उपायांनी साधारण २५ मिळतं, त्यात लेट्युस येतं पण तुरे लवकर टाकतं आणि कडवट लागतं. मी एप्रिलच्या मध्यापासून लेट्युस बंदच ठेवतो. बेसिल, लाल माठ, राजगिरा, पुदिना सावलीत, हे गुण्यागोविंदाने वाढतात. लेट्युसची रोपं परत जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पहिला चांगला पाऊस पडून रात्री गार झाल्यावर. तेव्हा गोणपाट काढून वाळवून ठेवा, पंखा पुसून पिशवीत भरा, थर्माकोल मात्र तसाच राहू द्या, ऑक्टोबर हीटला लागतो.